ज्ञानू पाटलाच्या कोटाचे बटण

मित्रांनो, मी एक जुने पितळी बटण आहे. आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण आज जे घडले त्याने माझी मतीच गुंग झाली आहे.

कोल्हापूर संस्थानच्या पलटणीत ज्ञानू पाटील नावाचा शिपाई होता. त्याच्या कोटावर मी होते. कवायतीला हवालदार आधी बटणे बघायचा. डाग दिसला की शिक्षा ठरलेली! धोब्याकडे कोट बदलू नये म्हणून ज्ञानूने चाकूच्या टोकाने माझ्या पाठीवर आपला नंबर कोरला, १७४३. सुट्टीवर आला तेव्हा मी तुटून घरीच राहिले. तो महायुद्धात समुद्रापार गेला आणि परतलाच नाही. पुढे संस्थान विलीन झाले, पलटणही भारतीय सैन्यात मिसळली.

घरी मात्र माझी चंगळ होती. ज्ञानूची लेक, आक्का, दर खंडेनवमीला मला चिंच-मिठाने खसाखसा घासायची आणि विळा-कोयत्याशेजारी मांडून हळदकुंकू वाहायची. मी किती मिरवले म्हणून सांगू!

आज निवृत्त सुभेदार धैर्यशील घरी आले. पलटणीतल्या शहीद जवानांची नावे गावात दगडावर कोरायची आहेत. त्यांनी पलटणीतल्या सगळ्या शिपायांची जुनी यादी उलगडली. त्यात ज्ञानू पाटील दोन. एक लढताना पडलेला, नंबर १७४३. दुसरा पलटण सोडून पळालेला. पहिला आमचाच! मला आनंदाने नाचावेसे वाटले.

"आक्का, नंबर घावला तर लगेच नाव लावतो बघा," सुभेदार म्हणाले.

आक्काने मला त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी भिंग लावले, मला उलटे केले, पुन्हा सुलटे केले. दोन्ही अंगे गुळगुळीत.

"मागं काय कोरलं हुतं काय वं?"

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "व्हय की... ओरखडं हुतं. मला कुठं वाचाय येतंय? दर साली घासून मीच काढलं की ते!"

मी हबकलेच. ज्या लाडाने मी फुगत होते, त्यानेच माझी पाठ कोरी केली. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण लखलखीत करण्याआधी त्यांवर काय आहे ते जाणत्याकडून वाचून घ्या, वहीत उतरवून ठेवा.

सुभेदारांनी हात जोडले. "पुराव्याबिगर नाव लावता येत न्हाय, आक्का."

"मग माझा बा पळाला व्हय?" आक्का विचारते आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मला सगळे ठाऊक आहे, पण बोलता येत नाही. मित्रांनो, तुम्ही तरी सांगा हो तिला, तिचा बाप पळाला नव्हता.