बोर्डाची मागची बाजू

बाबा मोठ्या चौकातल्या बोर्डाच्या मागच्या बाजूने पडले आणि गेले. हे सांगून झालं. आता आपण असं धरून चालू या की असं काही झालेलंच नाही.

तर, बाबा घरी आहेत. उंबऱ्यावर बसून कमरेच्या पट्ट्याच्या हुकाला तेल लावतायत.

आई म्हणते, "अहो, त्या हुकाला जपता तेवढं स्वतःच्या गुडघ्यांना जपा."

"गुडघे देवाचे," बाबा म्हणतात. "हुक कंपनीचा. हरवला तर भरून द्यावा लागतो."

बाबांचं काम उंच लोखंडी सांगाड्यांवर चढून जाहिरातींचे फ्लेक्स ताणून बांधायचं. माझं काम त्याच कंपनीत, एसीत बसून, त्या फ्लेक्सवरच्या ओळी लिहायचं. 'अजून तुमच्या घरात हे नाही?' ही ओळ माझी. मुळात ती फ्रिजसाठी लिहिली होती. पुढे सोफ्याला लागली आणि शेवटी कुत्र्याच्या गादीला. म्हणजे मी लिहितो, बाबा टांगतात. आणि टांगून झालं की बाबा तिथेच फळीवर गुडघे टेकून ती जाहिरात चालू नये म्हणून प्रार्थना करतात.

अगदी तशा शब्दांत नाही. ते म्हणतात, "प्रभू, खालून जाणाऱ्या लेकरांना हे बघून आपल्यात काही कमी आहे असं वाटू देऊ नकोस." पण अर्थ तोच.

"बाबा, माझी नोकरी आहे ही," मी एकदा म्हणालो.

"तुझ्यासाठीही करतो ना प्रार्थना."

"काय म्हणून?"

"तुला दुसरी लागावी म्हणून."

आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "बाप लेकाच्या पोटावर पाय देतो, तोही गुडघे टेकून. असं घर शोधून सापडायचं नाही."

यात अडचण एकच. पट्ट्याची दोरी आखूड आहे. वर गेलेला माणूस उभाच राहणार, असं कंपनीने गृहीत धरलंय. गुडघे टेकायचे तर सांगाड्यातून हुक काढावा लागतो. बाबा हुक काढतात, गुडघे टेकतात, बोलतात, आमेन म्हणतात, हुक लावतात. पुढच्या बाजूची फळी पलंगाएवढी रुंद आहे, त्यामुळे आजवर काही झालेलं नाही. तरी आईने टुमणं लावलं, की लांब दोरी मागा. अर्ज मी लिहिला, शेवटी 'सबब दोरी वाढवून मिळावी' असं झोकात टाकलं. उत्तर आलं, की प्रार्थना हे कामाच्या स्वरूपात बसत नाही. गंमत म्हणजे हे उत्तर ज्याने लिहिलं तो दर रविवारी उपासनेत आमच्या पुढच्याच बाकावर बसतो.

मग एकदा समोरच्या इमारतीतल्या एका मुलीने खिडकीतून बाबांचा व्हिडिओ काढला. मागे तीन मजली फोनची जाहिरात आणि तिच्यासमोर मुंगीएवढे बाबा, हात जोडून, डोळे मिटून. तिने खाली रडकं व्हायोलिन घातलं आणि वर लिहिलं, 'कामावरची श्रद्धा'. बघता बघता तो सगळीकडे गेला. लोकांना वाटलं, म्हातारा फोनच्या पाया पडतोय. इतका पाया पडण्यासारखा फोन आहे म्हणताना लोक दुकानांत धावले. जो फोन कोणाला हवासा वाटू नये म्हणून बाबा मागत होते, तो चार दिवसांत संपला.

बाबांना मीच हे सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

"चुकून उलटं ऐकू गेलं असेल देवाला," आई त्यांच्यापुढचं ताट उचलत म्हणाली. "एवढ्या वरून मागायचं म्हणजे."

बाबा हसले नाहीत. एरवी आईच्या असल्या बोलण्यावर ते हमखास हसतात.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "काका, कमाल केलीत! आता प्रत्येक बोर्डाला हेच करायचं. फक्त आधी कळवायचं, म्हणजे खाली माणसं जमवता येतील."

"साहेब, मी ते लोकांसाठी करतो. लोकांसमोर करत नाही."

"मीही तेच म्हणतोय! लोकांसाठीच!"

"नको साहेब."

मालक खुर्चीत मागे रेलले. "बघा बुवा. वर चढायला पोरं ढीगभर मिळतात. तुमच्या वयाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार?" मग माझ्याकडे वळले. "समजाव जरा वडिलांना. ओळीबिळी लिहितोस ना तू?"

मी काही समजावलं नाही. घरी आल्यावर बाबा उंबऱ्यावरच बसले. काम सोडलं तर घर कसं चालणार, ते त्यांना माहीत होतं. चढले तर त्यांचं आणि देवाचं बोलणं बाजारात मांडलं जाणार, हेही माहीत होतं. आणि बोर्ड टांगून प्रार्थना न करताच खाली उतरायचं, हा तिसरा रस्ता त्यांच्या डोक्यातही येत नव्हता.

"देवाशी बोलताना दार लावून घ्यावं, असं येशूने सांगितलंय," शेवटी ते म्हणाले.

"तिथे वर कुठलं आलंय दार?" आई म्हणाली.

"मागची बाजू आहे," बाबा म्हणाले.

आम्हाला वाटलं, काहीतरी बायबलमधलं बोलतायत.

नवा फ्लेक्स चढवायचा त्या सकाळी चौक भरून गेला होता. मालकांनी मला खाली उभं केलं होतं. फ्लेक्स उलगडत गेला तेव्हा कळलं की फोन पुढच्या मॉडेलचा आहे आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेले बाबाच आहेत, तीन मजली. खाली ओळ होती, 'ते मागत राहिले. तुम्ही घेऊन टाका.' ही ओळ माझी नाही; कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो.

बाबांनी स्वतःला टांगलं. काम मात्र नेहमीसारखंच चोख. चारही कोपरे ताणले, फ्लेक्सवरच्या स्वतःच्या कपाळावर एक घडी पडली होती, ती तळहाताने सपाट केली.

खालून ओरडा सुरू झाला. "काका, बसा आता!" "काका, हात जोडा ना!" एक बाई कडेवरच्या मुलाला म्हणाली, "बघ हां सोन्या, आता आजोबा जयजय करणार."

बाबांनी एकदा खाली पाहिलं आणि हात हलवला. मला वाटलं, मला हलवला. प्रत्येकालाच तसं वाटलं असणार. मग ते कडेने वळून बोर्डाच्या मागे गेले.

मागे फळी नाही. तळहाताएवढी रुंद लोखंडी पट्टी आहे. दोरी तीच, आखूड.

"कुठे गेले?"

"तयारी करत असतील."

"किती वेळ लावतात!"

मागच्या गल्लीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. कोणी फोन हलवला नाही. काका केव्हाही पुढे येतील, मग चुकायचं.

एवढे फोन रोखलेले होते, आणि एकातही बाबा पडताना दिसत नाहीत. सगळ्यांत फक्त फ्लेक्स आहे, घट्ट बांधलेला, जरासुद्धा न हलणारा. बाबांना तेवढाच एकांत हवा होता. तो मात्र त्यांना पुरेपूर मिळाला.

हुक कमरेलाच होता. तेल लावलेला, शाबूत. कंपनीचा माणूस मातीच्या दुसऱ्या दिवशी येऊन तो घेऊन गेला. "निदान भरून तरी द्यावा लागला नाही," आई म्हणाली, आणि मग जे रडली ते पाळकसाहेबांनाही आवरेना.

मालकांनी निरोप पाठवला, की श्रद्धांजली म्हणून फ्लेक्स तसाच राहू देऊ. फोनसकट.

खरं तर हे काही झालेलंच नाही असं आपलं ठरलं होतं. मी इथवर रेटलं. यापुढे जमत नाही. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. दुसरी अजून लागलेली नाही, म्हणजे बाबांची प्रार्थना अर्धी पोचली. रोज त्या चौकात जाऊन उभा राहतो. बाबांसारखं मागता मला येत नाही. मला येतो तो अर्ज.

प्रति,
मोठ्या चौकातून जाणारे-येणारे सर्व.

विषय: एक मिनिट मिळणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर बोर्डाखालून जाताना आपणांपैकी प्रत्येकाला एक मिनिटभर काहीही नको असावे. फोन, सोफा, कुत्र्याची गादी, काहीही. अर्जदाराचे वडील याच कामासाठी बोर्डामागे गेले होते. त्यांचे आमेन म्हणून झाले होते की राहिले, याची नोंद कोणाच्याही फोनमध्ये उपलब्ध नाही. सबब, राहिले असल्यास ते पूर्ण करता यावे यासाठी सदर मिनिट सर्वांनी एकाच वेळी मंजूर करावे, ही नम्र विनंती.