इंदिरेच्या गावाचा नकाशा

इंदिरेचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र का लिहिलं, ते तिनं पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. फोनवर बोलता येत नाही. कॅनडाहून फोन येतो तो आमच्या सुनेच्या, शाल्मलीच्या, हातातून. स्पीकर चालू, मागे भांडी वाजत असतात, आणि एकेचाळीस वर्षं संसार केलेली दोन माणसं एकमेकांना गोळ्या घेतल्या का एवढंच विचारतात. शाल्मलीचा यात दोष नाही. इंदिरेला फोनची बटणं जमत नाहीत आणि मला कुणासमोर बोलणं जमत नाही.

ध्रुवनं, आमच्या मुलानं, दोघांचेही तिकडे कायमचं राहण्याचे कागद केले होते. इंदिरा मे महिन्यात गेली. मी म्हणालो, वाचनालयाची काहीतरी व्यवस्था लावतो आणि येतो. माझ्या कागदाची मुदत एकोणीस फेब्रुवारीपर्यंत होती. तोवर तिथे पोचलो नाही तर तो रद्द.

"पहिल्या दिवशी मी हरवलेच," तिनं लिहिलं होतं. "सगळी लाकडी घरं, दारं बंद, दाराशी रांगोळी नाही. घर ओळखायचं कसं? मग मी रस्त्यांना आपल्या चामराजपेटेसारखे नंबर देऊन टाकले. समुद्राला धरून जातात ते मेन, समुद्राकडे उतरतात ते क्रॉस. आपण सेकंड मेन, फोर्थ क्रॉसला राहतो. फिफ्थ क्रॉसच्या तोंडाशी पाववाली बाई आहे, मला हात करते. फर्स्ट मेनवर होड्या आणि लाकडी पिंजरे रचून ठेवलेत. कशाचे, ते विचारायला माझं इंग्रजी पुरलं नाही. वाऱ्यानं पदर ठरत नाही, म्हणून ध्रुवची जुनी लोकरी टोपी घालते. हसू नका. रोज एक क्रॉस जास्त चालते. सेव्हन्थ क्रॉसनंतर चढ आहे, तिकडे अजून गेले नाही."

शेवटच्या कागदामागे पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता. त्याखाली चार ओळी.

"तुम्ही येणार का, एवढंच लिहा. येणार नसाल तर तसं लिहा. मग मी वाट बघायची सोडून देईन. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय, तीही ध्रुवला देऊन टाकीन."

मी सहा वेळा लिहायला बसलो. 'येतो' लिहिलं की ते खोटं वाटे. 'येत नाही' लिहिलं की पुढे कारण लिहावं लागे. कारण म्हणून माझ्यापाशी वाचनालय होतं. पेटेतल्या मराठी मंडळींनी कधीकाळी काढलेलं, दोन खोल्यांचं. आता वाचक चार, आणि त्यांतला खंडोजी शिंपी फक्त पंख्याखाली बसायला येतो.

त्यानंच एकदा विचारलं, "काय अण्णा, वहिनी तिकडनं बोलावतायत आणि तुम्ही इथे वाळवीला सोबत करताय?"

"हे कोण बघणार?"

"मी बघतो. किल्ली द्या."

"तुला पुस्तकांतलं काय कळतं?"

"काही नाही. पण कुलूप लावता येतं. तुम्ही तरी स्वल्प जास्त काय करता?"

मी हसलो. किल्ली मात्र दिली नाही. त्या दिवसापासून वाचनालयाचं कारण मला स्वतःलाही सांगता येईना. खरं कारण भीती. आयुष्यभर मी प्रवास वाचले, केले नाहीत. इंदिरा कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि तिनं एका परक्या गावाला आपले नंबर दिले. मी तिचा नकाशा समोर ठेवून बोटानं चालायचो, तरी तिसऱ्या क्रॉसवरून बोट मागे घ्यायचो.

जानेवारीत एकदा फोन आला. गोळ्या झाल्या, जेवण झालं. ध्रुव कामावर होता. शाल्मली पुण्याची, तिला कन्नड कळत नाही. इंदिरेनं हे हेरून ठेवलं असावं. भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात तिनं मधेच कन्नडमध्ये विचारलं, "बर्तीरा, इल्वा?"

येणार आहात की नाही?

"आत्ताच जेवलो," मी मराठीत म्हणालो.

"सरी," ती म्हणाली. म्हणजे, ठीक आहे.

मला ऐकू आलं नसेल असं तिनं समजावं, ही माझी अपेक्षा. ती मला ओळखत नसती तर कदाचित समजली असती.

एकोणीस फेब्रुवारीला मी वाचनालय नेहमीच्या वेळी उघडलं आणि नेहमीच्या वेळी बंद केलं. नंतर ध्रुवनं पुन्हा अर्ज करू का म्हणून विचारलं. मी 'बघू' म्हणालो. त्यानं पुढे विचारलं नाही.

एप्रिलमध्ये त्यानं एकट्यानं फोन केला.

"बाबा, आईला तुम्ही काही बोललात का?"

"नाही. का रे?"

"तिचं फिरणं बंद झालंय. बर्फ गेला, सगळं गाव बाहेर पडलंय, आणि ही पोस्टमन येऊन जाईपर्यंत दारातून हलत नाही. नंतर म्हणते, आता दमले. खोलीत सामान ठेवतो म्हटलं तर म्हणते, थांब जरा."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. काही नाही म्हणाले. बाबा, कुणाचं पत्र यायचंय तिला?"

मी फोन ठेवला.

सातव्यांदा बसलो तेव्हा पाच मिनिटं लागली. "मी येणार नाही. मुदत संपली म्हणून नव्हे. मुदत होती तेव्हाही मी येणार नव्हतो, मला भीती वाटते. तू कन्नडमध्ये विचारलंस ते मला कळलं होतं. खोली ध्रुवला दे. वाट बघू नकोस." वाचून बघितलं असतं तर फाडलं असतं, म्हणून वाचलं नाही.

पोस्टात मेघाश्री नावाची मुलगी काउंटरवर असते. तिनं पाकीट तराजूवर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"किती दिवसांत पोचेल?" मी विचारलं.

"तीन आठवडे धरा, सार. जास्तही लागतात. काही महत्त्वाचं असेल तर फोन करून सांगा ना."

"नको," मी म्हणालो. "असंच जाऊ दे."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.