एक थैली कमी

"एक थैली कमी आहे," फूटपट्टीबाई म्हणाल्या आणि घडीघरातले सगळे हात जागच्या जागी थांबले.

काम सुटायची वेळ झाली होती. बायकांनी एप्रन सोडले होते. लांबलचक टेबलांच्या टोकाला दिवसभराची हत्यारे मांडलेली होती. दोऱ्या ओढायचे आकडे, कापड सपाट करायच्या पट्ट्या आणि शिशाचे छरे भरलेल्या लहान लहान थैल्या. पॅराशूटचे कापड मोठे निसरडे. एक घडी घालून दुसरीकडे वळावे तर पहिली पसरलेली असते. म्हणून प्रत्येक घडीवर थैली ठेवायची आणि पाठपिशवी बंद करण्याआधी सगळ्या थैल्या काढून घ्यायच्या. काढल्या की मोठ्याने "थैल्या बाहेर!" असे ओरडायचे, मगच पिशवीचे तोंड बांधायचे. दिवसभर ही आरोळी चालू असे. बाहेरून जाणाऱ्याला वाटावे, आत कसला तरी लिलाव चालला आहे.

टेबलांखाली बघून झाले, कपाटामागे बघून झाले, कचऱ्याचा डबा उपडा करून झाला. थैली नव्हती. म्हणजे ती कुठल्यातरी घडीत गेली होती, आणि आजच्या घड्या उद्या सकाळी नव्या तुकडीच्या पाठीवर चढणार होत्या. आत राहिलेली थैली पॅराशूट उघडताना कापड फाडते, नाहीतर सुटून खालच्याचे डोके फोडते.

"कोणाच्या टेबलावरची?" कोणीतरी विचारले.

मुख्य बाईंनी, म्हणजे हातात कायम पट्टी असलेल्या या फूटपट्टीबाईंनी, शिंपीणकाकूंकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. कोणाचा विश्वास बसेना. काकूंच्या टेबलावरची थैली हरवायची म्हणजे घड्याळानेच वेळ विसरायची.

काकूंचे यजमान शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. लढाई सुरू झाली आणि नवे कपडे शिवणारी गिऱ्हाइके आटली, त्यातच मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. दुकानाला कुलूप लागले आणि काकू विमानतळामागच्या या घडीघरात कामाला लागल्या. आयुष्यभर काज-बटणे केलेला हात. पहिल्याच महिन्यात बाकीच्या बायका त्यांच्या टेबलाकडे बघून आपली घडी सरळ करू लागल्या. काकूंना त्याचा जरा अभिमान होता. जरा कसला, चांगलाच होता, आणि तो लपवायचे कष्टही त्या घेत नसत.

सगळे सुरळीत चालले असते. पण त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात मालमोटार चालवत होता, तो सुखाने मालमोटारच चालवत राहिला असता तर तो काकूंचा मुलगा कसला! त्याने आपणहून पॅराशूटच्या तुकडीत नाव दिले आणि शिकायला नेमका आईच्या घडीघराशेजारच्या मैदानावर येऊन दाखल झाला.

गेल्या रविवारी तो घरी जेवायला आला होता. "मंगळवारी पहिली उडी," त्याने सांगितले आणि पुन्हा वाढून घेतले. काकूंचा घास तोंडातच राहिला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एका पिशवीच्या मुठीला मी आतून लाल दोऱ्याचा टाका घालून ठेवते. तीच उचल."

"अगं आई, तिथे रांगेत उभं राहून मी दोरे शोधत बसू? पोरं हसतील मला."

"हसू देत. हसण्यानं हाडं मोडत नाहीत."

"मागच्या लढाईत," मास्तर मध्येच म्हणाले, "मी टेहळणीच्या फुग्यांना ठिगळं लावायचो. फुग्यात बसणाऱ्याला हवाई छत्री मिळायची. विमानातल्याला तीही नाही. विमान पेटलं की संपलं. निदान याच्या पाठीवर काहीतरी आहे."

"तुमचं धीर देणं म्हणजे ना," काकू म्हणाल्या, "ऐकून माणूस अर्धा होतो."

मुलगा हसला. दोरा शोधेन असेही म्हणाला नाही, शोधणार नाही असेही नाही.

घडीघराचा नियम असा की कुठली पिशवी कोणाच्या पाठीवर जाणार हे घडी घालणारीला कळता कामा नये. पिशव्यांवर नावे नसत, नुसते क्रमांक असत. फडताळावरून जी हाताला येईल ती शिपायाने घ्यायची. हा नियम काकूंनी नव्या बायकांना स्वतः समजावून सांगितला होता. आणि आज सोमवारी त्यांनी तो सकाळीच मोडला. त्या एका पिशवीची घडी त्यांनी घातली, उलगडली, परत घातली. एक दोरी वाकडी वाटली म्हणून पुन्हा उलगडली. शेजारच्या टेबलावरची बडबडी म्हणालीसुद्धा, "काकू, त्या पॅराशूटला आज न्हाऊमाखू घालताय का?" काकूंना हसू आले नाही. शेवटी मुठीच्या आत लाल टाका घालून त्यांनी पिशवी फडताळावर ठेवली आणि उरलेल्या पिशव्या भराभरा उरकल्या.

आता फूटपट्टीबाईंनी नोंदवहीतले क्रमांक पाहून काकूंच्या आजच्या सगळ्या पिशव्या टेबलावर आणवल्या. "उघडायच्या," त्या म्हणाल्या.

काकूंनी एका पिशवीवर हात ठेवला. "ही राहू द्या, बाई. हिची ग्वाही मी देते."

"आणि बाकीच्यांची?"

 आपण काय बोलून बसलो हे काकूंच्या लक्षात आले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला, मूठ उलटी करून पाहिली, लाल टाका पाहिला आणि तीच पिशवी सगळ्यांत आधी उघडली. कापड सळसळत टेबलभर पसरले. तिसऱ्या की चौथ्या घडीतून थैली धप्पकन खाली पडली.

अति तिथे माती म्हणतात, ते काही उगीच नाही. दहा वेळा उलगडायचे आणि दहा वेळा घालायचे या घोळात, ज्या पिशवीवर काकूंनी जीव ओतला होता, तिच्यातच त्या थैली विसरल्या होत्या. काकू मटकन स्टुलावर बसल्या. मी माझ्याच पोराला मारत होते, एवढाच एक विचार डोक्यात घुमत होता.

"उद्याच्या तुकडीत माझा मुलगा आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"माहीत आहे. नाक तुमचंच आहे. पहिल्या दिवशीच ओळखलं मी त्याला."

"मग मला सुट्टी का नाही दिलीत?"

"इथल्या कितीजणींचं कोणी ना कोणी कुठल्यातरी आघाडीवर आहे, काकू. सगळ्यांना सुट्टी दिली तर मी एकटी घड्या घालत बसू?" बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज खाली आला. "वर कळवलं तर तुमचं काम जाईल. जावं की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. तेव्हा तुम्हीच सांगा. या सगळ्या घड्या परत घालायच्यात. तुमच्या हातानं घालू देऊ का?"

हा प्रश्न काकूंना कामापेक्षा मोठा वाटला. हो म्हणावे तर आपल्याच हातांवर भरवसा उरला नव्हता. नाही म्हणावे तर उद्यापासून आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते.  मग उठून त्यांनी कात्री घेतली, लाल टाका कापला, दोरा ओढून काढून डब्यात टाकला.

"घालते," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक घडी तुम्ही तपासायची."

"ते तर मी तसंही करणार होते."

बायका घरी गेल्या नाहीत. बडबडीने एप्रन पुन्हा बांधला, आणखी दोघीतिघींनी बांधला आणि सगळ्याजणी काकूंच्या टेबलाला जुंपल्या. बडबडी त्या संध्याकाळी आरोळीखेरीज एक शब्द बोलली नाही, हाही एक चमत्कारच. एकेक पिशवी बंद होताना "थैल्या बाहेर!" अशी आरोळी उठली आणि दरवेळी सगळ्यांत मोठा आवाज काकूंचा होता. शेवटी बाईंनी पत्ते पिसावेत तशा पिशव्या फडताळावर खालीवर केल्या.

घरी आल्यावर काकूंनी मास्तरांना सगळे सांगितले. "तो सकाळी दोरा शोधेल हो. सापडला नाही तर काय वाटेल त्याला? आई विसरली?"

मास्तर अंधुक डोळ्यांनी त्यांच्या दिशेला बघत म्हणाले, "घाबरला तर घाबरला. उडी मारताना घाबरायलाच हवं. तू जेव आधी."

सकाळी विमानाचा आवाज आला तेव्हा घडीघरात काम चालू होते. एरवी उडी बघायला कोणी बाहेर जात नसे. अपशकुन म्हणून नव्हे, बाईंचा धाक म्हणून. आज बाईंनी स्वतःच दार उघडले आणि पट्टीने बाहेरची वाट दाखवली.

विमानाच्या पोटातून काळे ठिपके सुटू लागले आणि एकेकाच्या डोक्यावर पांढरा घेर फुलला. एकाचा मात्र फुलेना. दोऱ्यांना पीळ पडला होता. तो ठिपका हवेत पाय झाडत गरगर फिरत खाली येत होता.  ती घडी आपलीच, असे प्रत्येकीला वाटले. काकूंना तर तो मुलगाही आपलाच वाटला. मग पीळ सुटला, घेर एकदम भरला आणि बडबडीने रडत रडत काकूंच्या पाठीत धपाटा घातला.

दुपारी शिपाई आपापले पॅराशूट गोळा करून घडीघरात आणून देऊ लागले. चिखल, गवत, काटे, सगळे त्यात गुंडाळलेले. टेबलांपुढे रांगा लागल्या. काकूंच्या रांगेत एक दांडगा, लाजरा शिपाई पुढे होता आणि त्याच्या मागे मुलगा. त्याच्या हनुवटीवर खरचटले होते आणि हसू कानापर्यंत गेले होते.

"गरगर फिरत होतो तो मीच," तो लांबूनच म्हणाला. "आई, वरून सगळं फार छान दिसतं गं."

काकूंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. हात, पाय, मान, सगळे जागेवर होते. काल काय झाले ते सांगायला तोंड उघडले, पण डोळेच आधी भरले. "मी तुझ्यासाठी..." एवढेच त्या म्हणाल्या.

"नंतर सांग. हे घे आधी." त्याने पुढच्याच्या खांद्यावरून आपला गठ्ठा पुढे केला.

बाई दारातून बघत होत्या. शेजारी बडबडीच्या टेबलापुढची रांग नुकतीच संपली होती.

"तिकडे दे," काकू म्हणाल्या. "इथे यांचा नंबर आहे."

मुलाने गठ्ठा परत खांद्यावर घेतला. मग शेजारच्या टेबलाकडे वळला. काकूंनी पदराने डोळे पुसले, दांडग्या शिपायाच्या हातातला ओला, जड गठ्ठा घेतला आणि कापड टेबलावर पसरून त्यातला एकेक काटा वेचायला सुरुवात केली.