चारूच्या काचेवरची वाफ

चौदा मिलिमीटर रुंद, नऊ मिलिमीटर उंच, कडा पुसट. वाफेचा तो डाग मी पट्टी धरून मोजला. बोटाने पुसून पाहिला. गेला नाही, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला होता. भिंतीवरच्या अकरा फ्रेमपैकी फक्त एकीत, माझ्या नवऱ्याच्या, चारुदत्तच्या. आणि बरोबर त्याच्या ओठांवर.

जुलै २००८, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा. सकाळचे सात, खोलीत अकरा अंश. न्यू लिन या उपनगरातल्या आमच्यासारख्या लाकडी घरांच्या खिडक्या हिवाळ्यात आतून घामेजतात, पडदे खालून बुरशीने काळे पडतात. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. काचेवर वाफ का धरते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी वहीत नोंद केली आणि गार्गीचा डबा भरायला गेले.

फ्रेमची भिंत ही गार्गीचीच कल्पना. ती नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत देते. मैत्रिणीकडे तशी भिंत पाहून आली आणि म्हणाली, "एव्हरीवन ऑन वन वॉल, आई." मग आम्ही दोघींनी प्रत्येक फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापला, आधी ते भिंतीला चिकटवले, पाणसळ धरून पेन्सिलीने रेघा मारल्या. माझ्या सासूबाई शकुंतलाबाई सोफ्यावरून बघत होत्या.

"तुमच्या लग्नात पत्रिकासुद्धा आम्ही इतकी जुळवून पाहिली नव्हती गं," त्या म्हणाल्या.

अडलं ते चारूच्या तुकड्यापाशी. जानेवारी २००१ मध्ये तो पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांवर मासे धरायला गेला आणि परत आला नाही. पोलिसांनी बादली, गळ आणि समुद्राच्या पाण्याने भिजलेली त्याची कापडी टोपी आणून दिली. तो सापडला नाही. सासूबाई पुण्याहून आल्या आणि इथेच राहिल्या.

आमच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो जिवंतांच्या ओळीत लावत नाहीत. सासऱ्यांचा, चंदनाचा हार घातलेला, समोरच्या भिंतीवर एकटा आहे.

"चारू मधोमध," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कायद्याला लागणारी सात वर्षं झाली."

"शास्त्राने बारा लागतात. अजून पाच आहेत."

त्याचा मृत्यू कोर्टाने मान्य करावा म्हणून करायचा अर्ज फेब्रुवारीपासून माझ्या ड्रॉवरमध्ये होता. वकिलाने भरून दिलेला, फक्त सही राहिलेली. तो मी तेव्हाही बाहेर काढला नाही. चारू मधोमध गेला. "त्याचा फोटो मी बसवते," म्हणून सासूबाईंनी ती फ्रेम आपल्या खोलीत नेली आणि तासाभराने बंद करून आणली.

दुसऱ्या दिवशी डाग तिथेच, तेवढाच. दुपारी नाहीसा, सकाळी पुन्हा. चौथ्या दिवशी मी चारूची आणि गार्गीची फ्रेम अदलाबदल करून टांगली. भिंतीच्या त्या जागेत ओल असती, तर डाग गार्गीच्या फोटोवर यायला हवा होता. तो चारूबरोबर गेला. लॅबमध्ये असते, तर पुढची पायरी उघड होती: फ्रेम उघडायची. मी ती पुन्हा मधोमध टांगली. रोज सहाला उठायची ती पावणेसहाला उठू लागले, आणि पाणी तापत ठेवायच्या आधी फ्रेमसमोर जाऊन उभी राहू लागले. वहीत हे लिहिलं नाही.

नवव्या दिवशी माझ्या आधी सासूबाई तिथे होत्या. गार्गी त्यांच्या कुशीत.

"बघ," त्या तिला हळूच सांगत होत्या, "बाबा श्वास घेतोय. मी म्हणत नव्हते?"

"आई, भलतं काय सांगताय तिला?"

"तू रोज येऊन काय बघतेस, मृदुला?"

मी पाणी तापत ठेवायला गेले.

त्यानंतर गार्गी शाळेला निघताना भिंतीकडे वळून "बाय, बाबा" म्हणू लागली. शाळेच्या कॅम्पला जायचं नाही म्हणाली. का, विचारलं तर म्हणाली, "समवन हॅज टू बी हिअर."

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा भिंतीच्या मधोमध रिकामी जागा होती. गार्गी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. फ्रेम मांडीवर पालथी, हातात लोण्याची सुरी. मागच्या पत्र्याच्या पट्ट्या ती एकेक करून उचकटत होती. अंगठ्याला रक्त आलं होतं.

"गार्गी! काय करतेस?"

तिने मान वर केली नाही. "ही कान्ट ब्रीद इन देअर, आई. ही नीड्स एअर."

मी सुरी काढून घेतली. तिचा अंगठा नळाखाली धरला, पट्टी लावली. मग फ्रेमच्या उरलेल्या दोन पट्ट्या मी स्वतःच उघडल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या थांब म्हणाल्या नाहीत.

फोटोच्या मागे, पुठ्ठ्याला लागून, एक कापड सपाट दाबून ठेवलं होतं. खाकी, कडा उसवलेल्या. चारूची टोपी, जी घर बदलताना हरवली असं मी समजत होते. हात लावला तर ओलसर लागली. शिवणीत अजून पांढरे कण होते.

"त्याचा घाम होता तिच्यात," सासूबाई म्हणाल्या. "धुतली नाही मी. त्याच्या अंगाचं तेवढंच उरलं होतं."

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. रात्री खोली गार झाली की तेच पाणी काचेवर येतं. मी गार्गीला साध्या शब्दांत ते सांगितलं. तिने टोपीला एका बोटाने हात लावला, मग काचेकडे पाहिलं.

"देन व्हाय ओन्ली हिज माउथ?"

टोपी फोटोच्या पूर्ण मापाची होती. त्या हिशेबाने सगळी काच धुरकट व्हायला हवी होती. मी काच उजेडात धरून तिरकी करून पाहिली. ना बोटाचा ठसा, ना ओरखडा. मिठाने ओल समजत होती. जागा समजत नव्हती.

घरामागच्या रुळांवरून ट्रेन गेली. बाहेरच्या खोलीत ओळीतल्या दहा काचा बारीक थरथरल्या. टेबलावर सुटी ठेवलेली अकरावी काचही थरथरली, आणि तिच्यावरचा तो डाग आमच्या तिघींच्या डोळ्यांदेखत एकदा मोठा झाला, एकदा लहान.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. त्या मी काय म्हणते याची वाट बघत होत्या. गार्गी जखमी अंगठा मुठीत धरून काचेवर वाकली होती. आणि तिने स्वतःचा श्वास रोखला होता, डागाच्या तालावर सोडण्यासाठी.

मी ओट्यावरचं फडकं घेतलं आणि काच आतून पुसली. कोरडी होईपर्यंत.

"गार्गी, श्वास घे," मी म्हणाले. "बाबा गेला, बाळा. तू दोन वर्षांची होतीस तेव्हाच गेला. आई, चारू गेला. मी आज त्या अर्जावर सही करते. त्याचा फोटो गार्गीच्या आजोबांच्या शेजारी लावू या."