मी आप्पांचा ग्रामोफोन नव्हे

मित्रांनो, मी एक जुना ग्रामोफोन आहे. निदान रायपूरच्या चौबे कॉलोनीत, पराग देशकरांच्या बैठकीत येणारा प्रत्येक जण तसंच समजत होता. खरं सांगताना मला मान खाली घालावीशी वाटते. पण माझी मान म्हणजे हा पितळी कर्णा, आणि तो काही केल्या खाली होत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझी पेटी नव्याकोऱ्या आंब्याच्या लाकडाची. तिला काळं पॉलिश चोपडलं, मग साखळीनं झोडपलं, म्हणजे ओरखडे पडावेत. कर्ण्यावर कसलंसं पाणी मारलं, म्हणजे हिरवट डाग यावेत. सुई धरणारा माझा हात जाड आणि जड. आतलं यंत्र मात्र कुठल्याशा मोडीत गेलेल्या ग्रामोफोनचं. तेवढंच काय ते माझ्यात खरं म्हातारं. जन्मलेल्या बाळाला कुणी पांढऱ्या मिशा चिकटवाव्यात, तसं झालं माझं. बाळाला कळत नाही, मला कळत होतं.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. नवी ऑफिसं, नवे साहेब, नव्या बैठका. एका मेळ्यात परागनं मला पाहिलं आणि घरी आणलं. त्यात काही वाईट नव्हतं. पण एकदा त्याच्या ऑफिसातले मोठे साहेब, अनंतराव, चहाला आले आणि माझ्यापुढे थबकले.

"वा, परागजी! खानदानी दिसतोय. कुणाचा?"

परागनं अनंतरावांच्या चेहऱ्यावरचं कौतुक पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या आप्पांचा. आजोबांचा."

झालं. त्या दिवसापासून मी आप्पांचा झालो. आप्पा रेल्वेत होते, गुढियारीजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे, त्यांच्याकडे खरोखरच एक ग्रामोफोन होता; तो बदलीच्या धावपळीत कुठे गेला कुणालाच माहीत नव्हतं. आता लोक मला नमस्कार करू लागले. दुसऱ्याच्या आजोबांचा नमस्कार घेताना कसं वाटतं, ते कुणाला सांगू?

परागची लेक संपदा रोज फ्रॉकच्या टोकानं मला पुसायची. तिनंच एकदा नागपूरला फोन लावला. "कुमुदआजी, पता है? आपके आप्पा का ग्रामोफोन हमारे घर में है!"

कुमुदआजी म्हणजे परागची आत्या. तिनं संपदाला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "दसऱ्याले येते. ताईची रेकॉर्ड घेऊन येते."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण पद्मिनी. फार गोड गायची. एका लहानशा कंपनीनं तिचं एक गाणं भरून घेतलं, नमुन्याची एकच तबकडी घरी पाठवली, आणि पुढचं काही व्हायच्या आत ती तापानं गेली. ती तबकडी कुमुदआत्यानं साडीत गुंडाळून आयुष्यभर जपली होती. जगात दुसरी नाही. वाजवायला आप्पांचा ग्रामोफोनच उरला नव्हता, आणि भलत्या यंत्रावर लावायचा तिला धीर झाला नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी आत्या आली. स्वयंपाकघरात परागची बायको शर्मिष्ठा दबक्या आवाजात म्हणाली, "सांगितलंत का आत्यांना?"

"सांगतो ना. चहा होऊ दे."

"चहा होऊन कप धुवून झाले."

तेवढ्यात बेल वाजली. पूजेला आणि ताईचं गाणं ऐकायला बोलावलेले अनंतराव वेळेआधीच आले होते, सोबत ऑफिसातली आणखी चारदोन माणसं.

पूजेला स्कूटरची किल्ली होती, मिक्सर होता, संपदाची कंपासपेटी होती. त्या सगळ्यांनी वर्षभर राबून हळदकुंकू कमावलं होतं. सगळ्यांत मोठा झेंडूचा हार मात्र माझ्या गळ्यात पडला. तो मला टोचत होता.

मग आत्या माझ्याजवळ आली. तिचा हात सरळ माझ्या चावीपाशी गेला आणि तिथंच थांबला. मित्रांनो, खऱ्या जुन्या ग्रामोफोनची पेटी तिथं पांढुरकी पडलेली असते, कारण चावी देताना बोटं तिथंच घासतात. सुयांच्या वाटीभोवती बारीक रेघा असतात. माणसाचा हात जिथं पोचतो, तिथंच झीज असते. माझ्यावरचे ओरखडे होते साखळी जिथं पडली तिथं, मागच्या बाजूलासुद्धा, जिथं कधी कुणाचा हात जात नाही. आत्यानं मागची बाजू चाचपली. मग परागकडे पाहिलं. पराग झेंडूच्या हाराकडे पाहत होता.

तिला कळलं. तरी तिनं माझ्या गळ्यातला हार नीट केला, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

"आत्याबाई, लावा ना ते गाणं!" अनंतराव म्हणाले. "आम्ही त्यासाठीच तर आलोय."

"थांबा जी. आधी दुसरी एखादी लावून पाहू. मशीन बसली असन."

मेळेवाल्यानं माझ्यासोबत एक जुनी तबकडी फुकट दिली होती. परागनं ती लावली. माझा जड हात तिच्यावर पडला आणि मी किंचाळलो. गाणारी बाई होती की फाटक बंद होत होतं, कळेना.

"परागजी, आप्पांचा घसा बसलाय!" अनंतराव म्हणाले. सगळे हसले.

आत्यानं तबकडीवरून बोट फिरवलं. बोटाला काळी भुकटी लागली.

"आजी, ये काला काला क्या है?" संपदानं विचारलं.

"गाणं आहे, बाई," आत्या म्हणाली. "खरवडून निघालं."

परागनं ते बोट पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"चला, आता ती घरची लावा," अनंतराव म्हणाले. "का ताईंची रेकॉर्ड नुसती सांगायचीच गोष्ट आहे?"

आत्यानं साडीची घडी उलगडली. तबकडी माझ्या थाळीवर स्वतः ठेवली. "लाव, बाबू."

"आत्या..."

"लाव म्हणते ना. चार लोकांत असा काहून उभा राहून राहिला?"

भाच्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती बहिणीचा आवाज माझ्या हवाली करत होती. मी मनात म्हटलं, माझी स्प्रिंग तुटो. पण ती तुटली नाही. माझ्यात तेवढीच एक वस्तू चांगली होती.

परागनं चावी दिली. ताईची तबकडी फिरू लागली. त्यानं माझा हात उचलून तिच्यावर आणला. सुई अगदी कडेशी आली. आत्यानं डोळे मिटले.

आणि परागनं माझा हात परत मागे घेतला. थाळी थांबवली.

"अनंतराव, हा आप्पांचा नाही," तो म्हणाला. "मेळ्यातून आणलाय. नवाच आहे, जुना दिसायला केलेला. मी खोटं बोललो."

अनंतरावांनी पेढा अर्धा खाल्ला, उरलेला बशीत ठेवला आणि "बरं, निघतो" म्हणत उठले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही गेले. जिन्यात कुणीतरी हसलं. ते वरपर्यंत ऐकू आलं.

आत्या तबकडी पुन्हा साडीत गुंडाळू लागली. "गाडीत मले वाटून राहिलं होतं, आज ताईचा आवाज ऐकीन."

परागनं तिचे पाय धरले.

"ऊठ, पोट्ट्या," ती म्हणाली. "आवाज आहे अजून. तुझ्यामुळं आहे."

आता मी गॅलरीच्या दाराशी असतो. कर्ण्यावर संपदाची टोपी लटकते. कुणी विचारलं, तर पराग खरं सांगतो. सांगताना अजून लाजतो, आणि त्याच्याबरोबर मीही. आत्यासाठी तो खऱ्या, हलक्या हाताच्या ग्रामोफोनचा शोध घेतोय. अजून सापडलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे खूप आहेत. आम्हाला बैठकीत ठेवा, आमच्यावर टोप्या टांगा, आमची चावी फिरवून हसा. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज कापडात जपून ठेवलेला असेल, तर आधी आमची पेटी नीट बघा, झीज कुठे आहे ते हातानं चाचपून बघा. आणि मनात जराही शंका आली, तर तो आवाज आमच्या हाती देऊ नका. आम्ही "नको" म्हणू शकत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं.