डाव्या हाताचं फडकं

मूकपटाला साथ देणाऱ्या एड्नाचे हात पियानोवरच अडले. पडद्यावर मिशाळ खलनायक गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याचं कुलूप फोडत होता, लांबून गाडी येत होती, आणि त्याच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जेवणाचा डबा घेऊन तिचा नवरा उभा होता. अल्विन डोर्सी, सांधेवाला. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"प्रुइटबाई, डोळा लागला की काय?" अंधारातून हॉलचा मालक टेट तिला म्हणाला.

लोक हसले. तिनं पुन्हा वाजवायला घेतलं, पण नजर पडद्यावरून हलेना. अल्विनच्या डाव्या हाताला चौकड्यांचं फडकं होतं. तो गेला त्याच दिवशी सकाळी, हात कापला म्हणून, तिनंच आपला एप्रन फाडून ते बांधलं होतं. गाडी सांध्यावर आली आणि भाग संपला. आगगाड्या पाडणाऱ्या टोळीची ती मालिका. शनिवारी एकच भाग लागे.

अल्विन गेला त्या संध्याकाळी गावचा सांधा उघडा राहिला आणि मेलगाडी घसरली, ती त्याच्याच अंगावर. त्या सांध्यावर ही मालिका चित्रित करायला आलेले सिनेमावाले आदल्या दिवशीच निघून गेले होते, सांधेवालाच विसरला, असं चौकशीत ठरलं. गावानं ते मानलं. एड्नानंही मानलं, हे जास्त वाईट. मेलमध्ये गेलेल्या नऊ जणांच्या घरची माणसं रस्त्यात भेटत. तिनं माहेरचं नाव परत लावलं, थडग्यावर दगडही बसवला नाही.

पण फडकं तर त्याच दिवशी सकाळचं होतं; म्हणजे सिनेमावाले त्या दिवशीही सांध्यावर होते.

पुढच्या शनिवारी नायिकेनं परकर हलवून गाडी थांबवली. टाळ्या पडल्या. मागे अल्विन किल्ली काढून सांध्याकडे निघाला. सिनेमावाल्यांपैकी टोपीवाल्या एका माणसानं त्याला हातानंच थोपवलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: आम्ही बघतो, तू जा. रेल्वेचा नियमच होता, ज्यानं सांधा उघडला त्यानंच तो लावायचा. अल्विननं मान डोलावली, डबा उचलला, आणि वळून थेट पियानोकडे पाहून हसला. सांधा तसाच उघडा, आणि पडदा काळा झाला.

दिवे लागले. टेटनं नेहमीप्रमाणे सांगितलं, पियानोवर होत्या मिस प्रुइट.

"मिसेस डोर्सी," एड्ना उठून म्हणाली. "टेट, हा भाग परत लावा."

पहिल्या रांगेत मेलच्या ड्रायव्हरची विधवा शाल गुंडाळून निघाली होती. तिनं एड्नाकडे पाहिलं आणि ती पुन्हा खाली बसली.