एका कामगाराची मालकीण

दूर देशातून माणूस आणवून त्याच्या हातून आपली सेवा करून घ्यावी आणि त्या अनुज्ञेपोटी शासनाला दर तिमाहीला शुल्क भरावे, या व्यवहारात मालक कोण हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असते. मालकाचा धर्म कोणता, हे मात्र कागद सांगत नाही. तो ज्याचा त्याने शोधायचा असतो. सुआओ या किनारी गावातल्या मासळी बंदरामागील गल्लीत राहणाऱ्या यो पाओ-लिएन या सत्त्याहत्तर वर्षांच्या वृद्धेने तो शोधला आणि निष्ठेने पाळलाही. त्यापायी तिच्या मुलावर एका दुपारी कपाळाला हात लावण्याची वेळ आली.

"आई, हे काय मांडलंयस?" वन-श्युंग दारातच थबकला.

मधल्या खोलीत गोल मेज स्वच्छ पुसून मांडले होते. त्यावरच्या फिरत्या चकतीवर आठ पदार्थ होते आणि त्यांतच मधोमध डोक्यासकट उकडलेली अखंड कोंबडी विराजमान होती.

"दिसत नाही का तुला? शेवटच्या महिन्याची सोळावी तिथी. वर्षाखेरीचं जेवण. मालकानं कामगाराला घालायचं असतं."

"अगं, चार वाजता नगर कचेरीतून माणूस येतोय. आपण किती गरीब आहोत ते बघायला."

"येऊ दे की. जेवून जाईल."

"दोन दिवसांनी केलं असतंस तर?"

"भूमिदेवाला सांगू का, तिथी पुढं ढकल म्हणून?"

पाओ-लिएनने एकेचाळीस वर्षे बंदरावरच्या कारखान्यात बांगडे चिरले होते. दर वर्षअखेरीस मालकाच्या मेजवानीत ती दाराजवळच्या शेवटच्या मेजावर बसे. दोन वर्षांपूर्वी ओल्या पायरीवरून पडून तिचे खुब्याचे हाड मोडले, आणि मुलाने जावा बेटावरची रुमिनी नावाची बाई तिच्या शुश्रूषेसाठी आणली. तीन महिन्यांनी शासनाच्या शुल्काची पहिली पावती आली, तेव्हा 'मालक' या रकान्यात स्वतःचे नाव आहे हे कळून वृद्धेने ती मुलाकडून तीनदा वाचून घेतली होती.

"म्हणजे मी हिची मालकीण?"

"कागदापुरती, आई."

"सगळे कागदापुरतेच असतात. आमच्या मालकाच्या हाताला तरी कधी खवला लागला होता?"

त्या दिवसापासून तिने मालकीणपणाचा वसा घेतला. दुकानदारांप्रमाणे दर चांद्र महिन्याच्या द्वितीयेला आणि सोळाव्या तिथीला ती भूमिदेवापुढे उदबत्ती लावू लागली. "काही तक्रार?" असे रुमिनीला रोज सायंकाळी विचारणे हा तिचा नेम झाला. रुमिनीच्या धर्मात डुकराचे मांस निषिद्ध आहे हे समजताच त्या घरातून ते कायमचे हद्दपार झाले, आणि त्यामुळे वन-श्युंगला ते गल्लीच्या तोंडाशी उभ्याने खाऊन यावे लागे.

पुढे सिमेंटच्या कारखान्यात वन-श्युंगच्या पाळ्या कमी झाल्या. रुमिनीचा पगार कसाबसा निघे. शुल्क मात्र दोन तिमाह्यांचे थकले. मग सूचनापत्र आले: शुल्क न भरल्यास कामगार ठेवण्याची परवानगी रद्द होईल. अल्प उत्पन्नाच्या यादीत नाव लागले तर शुल्क माफ होणार होते. त्यासाठीच हा अर्ज होता आणि त्यासाठीच आज घराची पाहणी होती. पाहणीचा निकाल उलटा लागला की रुमिनीला जावे लागणार, हे तिघांनाही ठाऊक होते.

वन-श्युंगने माशाची थाळी उचलून रुमिनीच्या हाती दिली. "हे आत ठेव."

"बाहेर आण," पाओ-लिएन म्हणाली.

रुमिनी थाळी घेऊन उंबरठ्यावर उभी राहिली. वृद्धेला ती आमा, म्हणजे आजी, म्हणत असे. "दादा म्हणतात आत, आमा म्हणतात बाहेर. मी करू काय?"

"तुझा पगार कोण देतं?" वन-श्युंगने विचारले.

"तुम्ही देता, दादा. पण मालकीण आमा आहेत. कागदावर."

थाळी मेजावर परतली, आणि त्याच क्षणी दारावर टकटक झाली. कचेरीतले चिएन साहेब दहा मिनिटे आधीच आले होते. ते पन्नाशी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ होते. मेजाकडे पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"आज काही कार्य आहे का?"

"शेजाऱ्यांचं आहे," वन-श्युंग घाईने म्हणाला. "जागा नाही ना त्यांच्याकडे."

"शेजाऱ्यांचं कशाला असेल? माझं आहे," पाओ-लिएन म्हणाली. "बसा साहेब. मी मालकीण."

साहेबांनी बसून प्रपत्र उघडले. "घरात माणसं किती?"

"मी, माझी कामगार आणि भूमिदेव. हा मुलगा आहे, पण तो मालक नाही."

साहेबांच्या लेखणीचे टोक एकेका थाळीवरून फिरू लागले. वृद्धा अभिमानाने सांगत गेली: हा सुकवलेला मुळा घातलेला अंड्याचा पोळा, हे मुळ्याचे सार, हा मुळ्याचा वाफवलेला केक, ही मुळ्याची पाने परतून, हे मुळ्याचे लोणचे.

"पाच पदार्थ मुळ्याचेच?"

"सहा. त्या वड्या राहिल्या. बाजार उठताना मुळा फुकट देतात, साहेब. पानं तर टाकूनच जातात. बांगड्याची डोकी कारखान्यातल्या मैत्रिणीनं दिली. कोंबडी पलीकडच्या ल्यू बाईंची; रुमिनी त्यांचे गुडघे चोळून देते, त्याबद्दल. कापली हिनं स्वतःच, हिच्या देवाचं नाव घेऊन. कामगाराला खाता येत नाही ती मेजवानी कसली?"

साहेबांनी प्रपत्रात काहीतरी लिहिले. मग त्यांची दृष्टी कोंबडीवर स्थिरावली. त्या भागात अशी रूढी आहे की वर्षाखेरीच्या जेवणात कोंबडीचे तोंड ज्या कामगाराकडे असेल, त्याला नववर्षानंतर कामावरून काढले जाते. दयाळू मालक ते तोंड स्वतःकडे वळवून ठेवतो. मग कामगारांच्या घशाखाली घास उतरतो. ही कोंबडी पाओ-लिएनकडे पाहत होती.

"वा," साहेब म्हणाले. "म्हणजे कुणालाच काढायचं नाही."

"काढायचं आहे ना." वृद्धेने चालण्याचा आधार जवळ ओढला. "शुल्क भरता येत नाही, म्हणजे या दुकानात एक माणूस जास्त झालं. हिनं तर काही चूक केली नाही. मग मालकिणीलाच कमी करायचं. ल्यू बाई हिला सासूसाठी ठेवून घेतायत, मी बोलून ठेवलंय. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात मी खाट बघून आलेय."

"आई, तू टेकडीवर गेलीस कधी?" वन-श्युंगचा स्वर चिरकला.

"मासळीच्या टेम्पोतून. तू पाळीवर होतास."

रुमिनीला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळताच तिने हात पुढे करून चकती फिरवली. कोंबडी तिच्याकडे पाहू लागली. "मग मला काढा. मी जाणार नाही, ते वेगळं."

पाओ-लिएनने चकती उलट फिरवली. रुमिनीने पुन्हा सुलट फिरवली. "मी जास्तीच्या पाळ्या शोधतो," असे म्हणत वन-श्युंगने ती आपल्याकडे ओढली. कोंबडीने त्या मेजाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, साराच्या भांड्यातून मुळ्याची एक चकती उडाली, आणि अखेर कोंबडीची चोच साहेबांसमोर येऊन थांबली.

"माझ्याकडे नको," साहेब गंभीरपणे म्हणाले. "मला अजून सहा वर्षं नोकरी आहे."

साहेबांनी प्रपत्राचा शेरा लिहून पूर्ण केला, खाली सही केली आणि तो मोठ्याने वाचून दाखवला: "घरात मेजवानी आढळली. आठपैकी सहा पदार्थ मुळ्याचे. उरलेले दोन्ही विकत घेतलेले नाहीत. उत्पन्नाचे कागद बरोबर. नाव यादीत घ्यावे." मग ते म्हणाले, "नव्या तिमाहीपासून शुल्क माफ होईल, आमा. मागचं मात्र हप्त्यानं भरावं लागेल."

"मागचं भरीनच," पाओ-लिएन समाधानाने म्हणाली. "अगदीच काही न भरणारी मालकीण बरी दिसत नाही."

"बसा ना, साहेब, दोन घास घ्या," वन-श्युंग अडखळत म्हणाला.

साहेबांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. साडेचार झाले होते. "पाचपर्यंत मी कामावर आहे. तोवर अर्जदाराच्या घरी मला पाणीसुद्धा चालत नाही."

तेव्हा चौघेही हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसून राहिले. सार निवले. अंड्याचा पोळा खाली बसला. एकदा साहेबांनी ल्यू बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. रुमिनीने सांगितले की डावा सुधारतो आहे. पाच वाजता त्यांनी प्रपत्र पिशवीत घालून पिशवी दाराबाहेर खिळ्याला अडकवली, परत येऊन हात धुतले, कोंबडीचे डोके चॉपस्टिक्सनी अलगद वेगळे केले आणि ते स्वतःच्या वाडग्यात घेतले.

"मला हेच आवडतं," ते म्हणाले.

पाओ-लिएन उठली. एक हात आधारावर ठेवून, दुसऱ्या हाताने तिने कोंबडीची तंगडी रुमिनीच्या वाडग्यात वाढली, आणि रुमिनी खायला लागेपर्यंत स्वतः उभीच राहिली.

त्या घरातील चुलीला, त्या कचेरीतील लेखणीला, आणि जावा बेटावर ज्या अंगणात रुमिनीची वाट पाहिली जाते त्या अंगणाला, येणारे वर्ष सुखाचे जावो.